मोडलेला जबडा आणि हुकलेला चंद्र

हर्निया असो की पित्ताशयातले खडे, शस्त्रक्रियेआधी सर्जन मंडळी रुग्णाला आमच्याकडे फिटनेससाठी पाठवतात. मी फिजिशियन. रक्तदाब, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे पाहायचा, दोन-चार प्रश्न विचारायचे आणि केसपेपरवर शेरा मारायचा, एवढं माझं काम. तिथून रुग्ण भूलतज्ज्ञांकडे जातो. भूलतज्ज्ञ त्याला आधी तोंड उघडायला सांगतात. अजून उघडा, जीभ बाहेर काढा, मान मागं टाका, तुमचीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जातात का बघू. या प्रकारानं पुष्कळ रुग्ण बुचकळ्यात पडतात. ऑपरेशन पोटाचं असताना हे दात कशाला मोजताहेत, असं एका आजोबांनी मला वैतागून विचारलं होतं. ओपीडीच्या गर्दीत मी त्यांना दोन वाक्यांत काहीतरी सांगून वाटेला लावलं. त्यांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यायचं तर १९६६ सालच्या जानेवारीत मॉस्कोमधल्या एका ऑपरेशन थिएटरमध्ये जावं लागतं, आणि तिथून गोष्ट थेट चंद्रापर्यंत पोचते.

२० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांची नावं पोरांनाही पाठ असतात. पण ती एक शर्यत होती, आणि शर्यतीत दुसराही एक गडी होता. पहिला उपग्रह, अवकाशातला पहिला माणूस, चंद्रावर आदळलेलं पहिलं यान, चंद्राच्या पाठीमागच्या बाजूचा पहिला फोटो हे सगळं त्या दुसऱ्या गड्याचं. या कामांमागे असलेल्या माणसाचं नाव सर्गेई पावलोविच कोरोलेव्ह. ते जिवंत असेपर्यंत जगाला हे नाव ठाऊक नव्हतं. सोव्हिएत वर्तमानपत्रं त्यांचा उल्लेख फक्त मुख्य रचनाकार असा करत. अमेरिकेत वेर्नर फॉन ब्राउन टीव्हीवर दिसत होते, मासिकांत लेख लिहीत होते. त्यांचा रशियातला प्रतिस्पर्धी मात्र बिननावाचा होता.

कोरोलेव्ह यांचा जन्म आजच्या युक्रेनमधल्या झितोमिर गावी १२ जानेवारी १९०७ रोजी झाला. आईवडील लवकरच वेगळे झाले. वडील वारले असं आईनं मुलाला सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते जिवंत होते. सर्गेईचं बालपण नीझिन गावात आजी-आजोबांकडे गेलं. लहानपणी तिथंच त्यानं पहिलं विमान उडताना पाहिलं. पुढे ओडेसा शहरात समुद्रविमानांच्या तळाजवळ राहायला मिळालं, मग काय विचारता. सतराव्या वर्षी या मुलानं ग्लायडरचा आराखडा काढला. कीव्हला दोन वर्षं शिकून १९२६ मध्ये तो मॉस्कोला आला आणि तिथं आंद्रेई तुपोलेव्ह यांच्यासारख्या विमानरचनाकाराच्या हाताखाली इंजिनीअर झाला. १९३१ मध्ये फ्रीडरिख त्सांडर यांच्याबरोबर त्यानं रॉकेटवेड्या तरुणांचा एक गट जमवला. मॉस्कोतल्या एका तळघरात या मंडळींचं काम चालायचं. ऑगस्ट १९३३ मध्ये त्यांचं छोटं रॉकेट सुमारे ४०० मीटर उंच गेलं. चार गगनचुंबी इमारती एकावर एक रचल्या तर तेवढी उंची होईल. पण द्रव ऑक्सिजनच्या जोरावर त्या देशात उडालेलं ते पहिलं रॉकेट होतं.

याच काळात त्यांचं लग्न झालं. पत्नी झेनिया शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर होती. १९३५ मध्ये मुलगी झाली, नताशा. तीही पुढे सर्जन झाली. ज्या घरात दोन सर्जन, त्या घरातल्या माणसाचा शेवट ऑपरेशन टेबलावर झाला, हे वाचताना मला नेहमी चुटपुट लागते.

१९३७-३८ हा स्टालिनच्या धरपकडीचा काळ. रॉकेट संशोधन संस्थेचे प्रमुख क्लेमेनोव्ह आणि त्यांचे सहकारी लांगेमाक यांना गोळ्या घातल्या गेल्या. इंजिनं बनवणारे व्हॅलेंटिन ग्लुश्को मार्च १९३८ मध्ये पकडले गेले. छळ करून घेतलेल्या जबान्यांमध्ये कोरोलेव्ह यांचं नाव आलं. २७ जून १९३८ च्या रात्री पोलीस त्यांच्या दारात उभे राहिले. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. आरोप घातपाताचा. चौकशीत त्यांना बेदम मारलं, आणि त्यांनी कबुलीजबाबावर सही केली. चौकशी करणाऱ्यानं पाण्याची काचेची सुरई जबड्यावर हाणली, असं त्यांच्या जवळच्यांनी पुढे सांगितलं आहे. जबड्याचं हाड मोडलं. कोठडीत त्यावर कोण उपचार करणार? ते जसं जुळायचं तसं जुळलं. दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली गेली.

सैबेरियाच्या पार टोकाला कोलिमा म्हणून प्रदेश आहे. तिथल्या मालद्याक नावाच्या सोन्याच्या खाणीत त्यांची रवानगी झाली. तिथं ते काही महिनेच होते, पण तेवढे महिने पुरले. स्कर्व्ही झाला. हा आजार आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी बहुधा पुस्तकातच पाहिला. क जीवनसत्त्व मिळालं नाही की शरीराला कोलॅजेन नावाचं प्रथिन नीट बनवता येत नाही. विटांमधलं सिमेंट जसं, तसं हे कोलॅजेन. ते कच्चं झालं की हिरड्या सुजून रक्ताळतात, दात हलायला लागतात, सांध्यांत रक्त साकळतं आणि जुन्या, भरलेल्या जखमाही पुन्हा उकलतात. नुकतं मोडलेलं हाड अशा शरीरात कसं जुळत असेल, याची कल्पना करा. कोरोलेव्ह यांचे बरेच दात गेले. हृदयाच्या दुखण्याची सुरुवातही याच उपासमारीत झाली, असं त्यांचे चरित्रकार मानतात.

आई मारिया निकोलायेव्हना हिनं मॉस्कोत अर्ज-विनंत्यांचा सपाटा लावला. ग्रोमोव्ह आणि ग्रिझोदुबोव्हा या त्या काळच्या नावाजलेल्या वैमानिकांनी शब्द टाकला. १९३९ च्या अखेरीस फेरसुनावणीसाठी कोरोलेव्ह यांना कोलिमाहून परत पाठवलं गेलं. सुटका झालीच नाही, शिक्षा फक्त आठ वर्षांवर आली. मात्र त्यांचे जुने गुरू तुपोलेव्ह हेही कैदीच होते आणि तुरुंगातच विमानं बनवत होते. कैदी इंजिनीअरांचे असे कारखाने तेव्हा चालत. कोरोलेव्ह तिथं आले आणि वाचले. पुढे कझानच्या तशाच एका कारखान्यात ते ग्लुश्को यांच्या हाताखाली काम करू लागले. ज्याच्या जबानीमुळे आपण आत गेलो असा संशय मनात आहे, त्याच्याच हाताखाली. १९४४ मध्ये दोघेही सुटले. कोरोलेव्ह यांच्यावरचे आरोप पूर्णपणे रद्द व्हायला मात्र एप्रिल १९५७ उजाडलं. म्हणजे पहिला उपग्रह आकाशात जायच्या जेमतेम सहा महिने आधीपर्यंत तो बनवणारा माणूस कागदोपत्री गुन्हेगारच होता.

महायुद्ध संपल्यावर त्यांना जर्मनीत पाठवलं गेलं, फॉन ब्राउन यांच्या व्ही-२ रॉकेटचे उरलेसुरले भाग गोळा करायला. फॉन ब्राउन स्वतः तोवर अमेरिकनांच्या हाती लागले होते. व्ही-२ रॉकेटं जर्मनांनी छळछावणीतल्या कैद्यांकडून बनवून घेतली होती, आणि ती उलगडून पाहायला आलेला हा रशियन इंजिनीअर स्वतः छळछावणीतून वाचलेला होता. ही दोन माणसं आयुष्यात कधी एकमेकांना भेटली नाहीत.

त्यानंतरची दहा वर्षं रॉकेटं मोठी करण्यात गेली. १९५७ मध्ये आर-७ तयार झालं. त्याची पहिली चाचणी १५ मे रोजी झाली, बाजूच्या एका भागाला आग लागून ते कोसळलं. जूनमध्ये ते जागचं हललंच नाही. जुलैमध्ये उडालं आणि फुटलं. अखेर २१ ऑगस्टला जमलं. लगेच ४ ऑक्टोबरला त्यावर बसून ८३ किलोंचा स्पुटनिक गेला. सहा आठवड्यांत अपयशाच्या खाईतून जगाच्या वरच्या टोकाला, अशी ही उडी. सप्टेंबर १९५९ मध्ये लूना-२ चंद्रावर आदळलं, पुढच्याच महिन्यात लूना-३ नं चंद्राची मागची बाजू दाखवली. त्या काळात चंद्राची शर्यत कोण जिंकणार असं कुणाला विचारलं असतं, तर कुणीही रशियाचंच नाव घेतलं असतं.

३ डिसेंबर १९६० रोजी कोरोलेव्ह यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ५३. तपासण्यांत मूत्रपिंडंही बिघडलेली आढळली. छावणीतल्या दिवसांची ती देणगी होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, कामाचा हाच वेग ठेवलात तर फार जगणार नाही असं बजावलं. हे बजावणं किती उपयोगी पडतं ते प्रत्येक फिजिशियनला ठाऊक आहे. १२ एप्रिल १९६१ रोजी, झटक्याला साडेचार महिनेही झाले नव्हते तेव्हा, कोरोलेव्ह यांनी युरी गागारिनला अवकाशात पाठवलं. १०८ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारून तो परतला. स्वागताच्या मिरवणुका निघाल्या. त्या मिरवणुकीत मुख्य रचनाकाराला ओळखणारं गर्दीत कुणी नव्हतं.

त्याच वर्षी २५ मे रोजी केनेडींनी दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवण्याचं जाहीर केलं. इथून पुढे गणित उलटं फिरू लागलं. अमेरिकेनं एक लक्ष्य ठरवलं, त्यासाठी पैसा ओतला, एक संस्था केली. रशियात तीन-तीन रचनाकार सत्तेच्या वेगवेगळ्या दारांत उभे राहून एकमेकांचे पाय ओढत होते. माणूस चंद्रावर उतरवण्याचा सोव्हिएत सरकारचा ठराव झाला तो ऑगस्ट १९६४ मध्ये, केनेडींच्या घोषणेनंतर तीन वर्षांनी.

शिवाय ग्लुश्को होतेच. चंद्रावर जाणाऱ्या महाकाय रॉकेटमध्ये इंधन कोणतं वापरायचं यावरून दोघांचं बिनसलं. कोरोलेव्ह यांना केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन हवं होतं. ग्लुश्को यांचा आग्रह होता एकमेकांना भिडताच आपोआप पेट घेणाऱ्या रसायनांचा. त्यांचं इंजिन बनवायला सोपं, पण ती रसायनं भयंकर विषारी. ज्या रॉकेटच्या टोकावर माणसं बसवायची आहेत त्यात हजारो टन विष भरायला कोरोलेव्ह तयार नव्हते. डॉक्टर म्हणून मी या भांडणात त्यांच्या बाजूचा आहे. मात्र ग्लुश्को यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. केरोसीनवर चालणाऱ्या प्रचंड इंजिनात ज्वाळा अस्थिर होऊन इंजिन फुटतं, हा त्यांचा अनुभव होता. अमेरिकनांनाही तोच त्रास झाला, आणि तो सोडवायला त्यांनी चालू इंजिनाच्या आत मुद्दाम छोटे स्फोट घडवून वर्षानुवर्षं चाचण्या केल्या. भांडणात १९३८ सालची जखमही कुठेतरी ठसठसत असणार. ग्लुश्कोंनी इंजिन द्यायला नकार दिला. कोरोलेव्ह विमानांची इंजिनं बनवणाऱ्या निकोलाय कुझ्नेत्सोव्ह यांच्याकडे गेले. त्यांच्याकडे मोठं इंजिन नव्हतं, म्हणून लहान इंजिनं पुष्कळ लावायची असं ठरलं. अमेरिकेच्या सॅटर्न-५ च्या तळाशी ५ इंजिनं होती, तर रशियाच्या एन-१ च्या तळाशी ३०. ती सगळी एकदम पेटवून जमिनीवर चाचणी घ्यायला लागणारा सांगाडा उभारायचा खर्च मात्र वाचवला गेला. वाचवलेला तो पैसा पुढे फार महाग पडला.

दरम्यान शरीर कुरकुरत होतं. १९६२ मध्ये आतड्यातून रक्तस्राव झाला, रुग्णालयात राहावं लागलं. हृदयाचे ठोके अनियमित होत होते, एका कानानं ऐकू कमी येत होतं. तरी मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनॉव्ह यानातून बाहेर पडून अवकाशात तरंगला, तेव्हा नियंत्रण कक्षात कोरोलेव्ह होतेच. शौचावाटे रक्त जाणं हे लक्षण मूळव्याध म्हणून अंगावर काढणारे रुग्ण मी रोज पाहतो. त्यातले निम्मे कामाच्या व्यापाचं कारण सांगतात. चंद्रावर माणूस पाठवायचा व्याप असलेल्या माणसाला मी काय बोलणार? अखेर जानेवारी १९६६ च्या सुरुवातीला ते मॉस्कोच्या क्रेमलिन रुग्णालयात दाखल झाले. गुदाशयात एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला मांसल कोंब, आहे असं निदान होतं. छोटी शस्त्रक्रिया, थोडे दिवस विश्रांती आणि पुन्हा कामावर. लिओनॉव्ह यांनी पुढे सांगितलं की, शेवटच्या त्या दिवसांत कोरोलेव्ह यांनी गागारिनला आणि त्यांना जवळ बसवून अटक, मारहाण, कोलिमा हे सारं प्रथमच मोकळेपणानं सांगितलं. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली घडलेल्या त्या दोघांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

१४ जानेवारी १९६६. वयाची ५९ वर्षं पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. शस्त्रक्रिया करणार होते साक्षात देशाचे आरोग्यमंत्री, बोरिस पेट्रोव्हस्की. नुसते मंत्री नव्हेत. निष्णात सर्जन, सोव्हिएत देशातलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण आदल्याच वर्षी त्यांनी केलं होतं. कोंब काढायला गेल्यावर रक्तस्राव सुरू झाला, तो थांबेना. पोट उघडावं लागलं. उघडल्यावर आत मुठीएवढी गाठ निघाली, कॅन्सरची, सार्कोमा जातीची. छोटी ठरवलेली शस्त्रक्रिया आता मोठी आणि लांबलचक झाली.

इथं भूल देण्याविषयी थोडं सांगायला हवं. थोड्या वेळाच्या शस्त्रक्रियेला नाकातोंडावर मास्क धरून भूल देता येते, रुग्ण आपला आपण श्वास घेत राहतो. तासन् तास चालणाऱ्या, पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेत तसं चालत नाही. स्नायू पूर्ण सैल करावे लागतात, मग श्वासाचे स्नायूही सैल पडतात. म्हणून तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालायची आणि तिच्यातून यंत्रानं किंवा हातानं श्वास द्यायचा. ही नळी घालताना भूलतज्ज्ञ लॅरिंगोस्कोप नावाच्या वाकड्या पट्टीनं जीभ उचलतो, स्वरयंत्राचं दार डोळ्यांनी पाहतो आणि मग नळी आत सरकवतो. त्यासाठी तोंड पुरेसं उघडायला हवं, जबडा पुढे यायला हवा, मान मागं वळायला हवी. हाताशी वेळ असतो मिनिटांचा. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत नुकसान सुरू होतं. कमजोर हृदय तर तेवढीही वाट पाहत नाही.

कोरोलेव्ह यांचा जबडा पुरेसा उघडत नव्हता. मान आखूड होती. नळी गेली नाही. मास्कवरच काम चालवावं लागलं. शस्त्रक्रिया लांबत गेली. दुसरे नामवंत सर्जन विष्नेव्हस्की यांना तातडीनं बोलावून घेतलं. गाठ काढलीही. पण पाच वर्षांपूर्वी झटका खाल्लेलं हृदय थांबलं ते पुन्हा सुरू झालं नाही. कोठडीतला तो फटका आणि हे थिएटर यांच्यात २८ वर्षं गेली होती.

आजच्या थिएटरमध्ये असा रुग्ण आला असता तर? लवचिक दुर्बीण नाकावाटे सरकवून, तिच्यावरून नळी घसरवत श्वासनलिकेत न्यायची पद्धत आता मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध असते. पीटर मर्फी या भूलतज्ज्ञानं ती इंग्लंडमध्ये पहिल्यांदा वापरली १९६७ मध्ये, कोरोलेव्ह यांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी. स्वरयंत्रावर टोपीसारखा बसणारा मास्क आला १९८० च्या दशकात. आणि तोंड उघडायला लावून, जीभ बाहेर काढायला सांगून, घशात मागं काय काय दिसतं त्यावरून नळी घालणं सोपं जाईल की अवघड याचा अंदाज बांधायची जी युक्ती आमचे भूलतज्ज्ञ रोज वापरतात, ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती शोधणारे डॉ. शेषगिरी मल्लमपट्टी हे आंध्रातून अमेरिकेत गेलेले भूलतज्ज्ञ. जगभर ती चाचणी त्यांच्याच नावानं ओळखली जाते. १९६६ मध्ये यातलं काहीच नव्हतं हे खरं. पण तोंड किती उघडतं हे पाहायला यंत्र लागत नाही. आणि नळी जाणार नाही हे आधी कळलं असतं, तर शुद्धीवर असतानाच गळ्याला छोटं छिद्र पाडून तिथून श्वास देण्याचा मार्ग तेव्हाही होता.

तो का घेतला गेला नसावा? वैद्यकात व्हीआयपी सिंड्रोम नावाचा एक शब्द आहे. रुग्ण फार मोठा असला की त्याच्यासाठी नेहमीची चाकोरी मोडली जाते. साध्या तपासण्या वगळल्या जातात, कारण त्याला त्रास द्यायचा नसतो. सर्वांत अनुभवी माणसाऐवजी सर्वांत वरच्या पदावरचा माणूस हात घालतो. आणि मंत्री हातात सुरी घेऊन उभा असताना, साहेब जरा थांबा, मला आधी यांचं तोंड बघू द्या, असं म्हणायची हिंमत टेबलाच्या डोक्याकडे उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाला होणं कठीण. सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काढल्यावर मला हे समजायला रशियन भाषा यावी लागत नाही.

सोन्याच्या खाणीतून आलेले रुग्ण आमच्याकडे नसतात, पण तोंड न उघडणारे मात्र रोज येतात. गुटखा आणि सुपारी चघळून चघळून गालाच्या आतलं अस्तर दोरखंडासारखं घट्ट होतं. तीन बोटं सोडाच, एक बोटही जाईना अशी अवस्था पंचविशीतल्या पोरांची होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी ही पोरं येतातच. अपेंडिक्स फुटून मध्यरात्री आलेल्या अशा एका मुलासाठी आमच्या भूलतज्ज्ञ बाईंनी सर्जनना तासभर थांबवून ठेवलं होतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर घरून येऊन गळ्याला छिद्र पाडायच्या तयारीनं शेजारी उभे राहिले, तेव्हाच त्यांनी नळीला हात घातला. सर्जनची चिडचिड झाली. पोरगा आठव्या दिवशी चालत घरी गेला.

१६ जानेवारी १९६६ च्या प्राव्दामध्ये कोरोलेव्ह यांचा फोटो आणि नाव छापून आलं. आपला मुख्य रचनाकार कोण होता हे देशाला कळलं ते त्याच्या मृत्युलेखातून. अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या गेल्या. तीन आठवडेही झाले नव्हते तोच ३ फेब्रुवारीला लूना-९ चंद्रावर अलगद उतरलं. चंद्रावरची धूळ यानाला गिळून टाकेल ही भीती खोटी ठरली. हे काम त्यांच्याच हयातीत अनेकदा फसलं होतं.

त्यानंतर दोन्हीकडे संकटं आली. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ च्या जमिनीवरच्या सरावात शुद्ध ऑक्सिजननं भरलेल्या कुपीत ठिणगी पडली. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे गुदमरून गेले. त्याच वर्षी २४ एप्रिलला सोयूझ-१ चं पॅराशूट नीट उघडलं नाही आणि व्लादिमिर कोमारोव्ह मृत्यू पावले. अमेरिकनांनी यानाचं दार, वायरी, आतली हवा सगळं बदललं आणि डिसेंबर १९६८ मध्ये तीन माणसं चंद्राभोवती फिरवून आणली. रशियात कोरोलेव्ह यांच्या जागी आले वासिली मिशिन. हुशार, पण मंत्र्यांशी आणि लष्करशहांशी टक्कर घेण्याचा कोरोलेव्ह यांचा वकूब त्यांच्याकडे नव्हता. २१ फेब्रुवारी १९६९ रोजी एन-१ पहिल्यांदा उडालं. शेपटाकडे आग लागली, साधारण ७० सेकंदांत सगळी इंजिनं बंद पडून ते कोसळलं. ३ जुलैला दुसरा प्रयत्न झाला. एका इंजिनाचा ऑक्सिजनचा पंप फुटला, तीसपैकी एकोणतीस इंजिनं बंद पडली आणि १०५ मीटर उंचीचं ते धूड इंधनासकट आपल्याच तळावर परत आदळलं. तळ उद्ध्वस्त झाला. अपोलो-११ चंद्रावर उतरायला १७ दिवस उरले होते. शेवटचा डाव म्हणून पाठवलेलं लूना-१५ हे माणसाविना माती आणणारं यान २१ जुलैला चंद्रावर आपटून फुटलं. तेव्हा आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावरच होते, त्यांना निघायला दोनेक तास बाकी होते.

कोरोलेव्ह जगले असते तर रशिया आधी पोचला असता का, यावर जाणकारांचे वाद चालू आहेत. मला स्वतःला तसं वाटत नाही. तीन वर्षं उशिरा झालेला ठराव, अपुरा पैसा, न उभारलेला चाचणीचा सांगाडा आणि ग्लुश्कोंबरोबरचं वैर हे सगळं त्यांच्या हयातीतलंच होतं. शिवाय ती गाठ सार्कोमाची होती. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडती तरी १९६९ चा जुलै त्यांनी पाहिला असता, असं त्या काळची औषधं लक्षात घेता मी फिटनेसच्या कागदावर लिहून देणार नाही. दोन-तीन वर्षं मिळाली असती, कदाचित. त्या माणसानं दोन-तीन वर्षांत काय काय केलं होतं तेही विसरून चालत नाही.

एन-१ आणखी दोनदा उडवलं गेलं, १९७१ आणि १९७२ मध्ये. दोन्ही वेळा फुटलं. १९७४ मध्ये मिशिन यांना काढून कोरोलेव्ह यांची संस्था ग्लुश्को यांच्या ताब्यात देण्यात आली आणि त्यांनी एन-१ चं काम बंद करून टाकलं. आर-७ चे वंशज मात्र अजून उडतात. एप्रिल १९८४ मध्ये आपल्या राकेश शर्मांना घेऊन गेलेलं रॉकेट त्याच घराण्यातलं. चंद्राच्या मागच्या बाजूला चारशे किलोमीटरहून रुंद असं एक विवर आहे, त्याला कोरोलेव्ह यांचं नाव दिलेलं आहे. आणि बायकोनूरच्या तळावर एन-१ च्या मोडक्या टाक्यांचे अर्धगोल पत्रे पुढे कित्येक वर्षं शेडचं छप्पर म्हणून वापरात होते.